खामगावची ढेप आणि ‘ऑर्डर कन्फर्म्ड’

२२ जुलै १९५९ या दिवशी अहमदाबादहून खामगावला एक फोन लागला. एका बाजूला गिरधारीलाल पुरुषोत्तमदास आणि कंपनी ही अहमदाबादची व्यापारी पेढी होती, तर दुसऱ्या बाजूला खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्स. बोलणं सरकीच्या ढेपेबद्दल चाललं होतं. अहमदाबादने माल मागितला आणि खामगावने ‘हो’ म्हटलं. पुढे अहमदाबादच्या पेढीची तक्रार अशी की ठरलेली ढेप खामगावने दिलीच नाही. त्यांनी अहमदाबादच्या शहर दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. हा वाद वर चढत थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० ऑगस्ट १९६५ ला त्याचा निकाल लागला.

आज देशातल्या कुठल्याही लॉ कॉलेजात जा, करार कायद्याच्या पहिल्या काही तासांत हा ‘केडिया खटला’ शिकवतातच. आपल्याकडे मात्र तो फारसा कुणाला माहीत नाही. अकोल्याहून पन्नासेक किलोमीटरवरच्या एका जिनिंगमधला फोन भारतीय कायद्यात एवढा मोठा होऊन बसलाय, हे मलाही उशिराच कळलं. कळलं तेव्हा मी शोधत होतो वेगळंच काही. ऑनलाइन दुकानं चुकीच्या किमतीला ऑर्डर घेतात, ‘कन्फर्म्ड’ म्हणतात, पैसे घेतात आणि मग ‘किमतीत चूक झाली’ असं सांगून ऑर्डर रद्द करतात. हे त्यांना करता येतं का, एवढंच मला बघायचं होतं.

हा प्रश्न बहुतेकांना पडलेला असतो. सेलच्या रात्री चाळीस हजारांचा फोन चार हजारांना दिसतो. ग्रुपवर लिंक फिरते, सगळे धडाधड ऑर्डर टाकतात. सकाळी मेसेज येतो, ‘क्षमस्व, तुमची ऑर्डर रद्द करण्यात आली आहे.’ मग वाद सुरू होतो. एक म्हणतो, त्यांनी शब्द दिला होता, पाळायलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, अरे, टायपिंगची चूक आहे, तुला पण कळत होतं ना? दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. खरा मुद्दा मात्र किमतीचा नाही. सौदा नेमका कुठल्या क्षणी पक्का होतो, हा आहे. वऱ्हाडातला बाजार हाच प्रश्न दीडशे वर्षं सोडवत आलाय.

रुमालाखालची बोटं

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडून मँचेस्टरच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद पडला. गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. त्या दशकात मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून पुढे सरकली, पुढे खामगावला जलंबहून फाटा निघाला. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा ही गावं कापसाच्या बाजारपेठा म्हणून परदेशातही ओळखली जाऊ लागली.

या बाजारात भाव कसा ठरायचा? जुनी पद्धत रुमालाची. दलाल आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकायचे आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचे. कुठलं बोट म्हणजे किती, हे त्यांना माहीत. ज्याचा कापूस आहे तो शेतकरी शेजारीच उभा असायचा, पण त्याला रुमालच दिसायचा. दलालाने ‘झाला सौदा’ म्हटलं की झाला. मग गाडी जिनिंगच्या आवारात गेली की खरेदीदाराला कापसात पाणी दिसायचं, कवडी दिसायची, आणि भाव खाली यायचा. म्हणजे ‘हो’ एकदा म्हटलं तरी ते दोघांसाठी सारखं पक्कं नसायचं. शेतकऱ्याला गाडी परत नेणं परवडत नव्हतं. खरेदीदाराला मात्र माघार घेणं फुकट होतं.

आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजात १८८६ ला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. देशातला असा पहिला बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. १८९७ ला वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा वेगळा कायदा आला. बाजार समिती, दलालांना आणि मापाऱ्यांना परवाने, ठरलेले आकार अशी त्याची रचना होती. इंग्रजांनी हे शेतकऱ्याच्या प्रेमापोटी केलं असं समजायचं कारण नाही. गिरण्यांना चांगला कापूस एका ठिकाणी, खात्रीच्या वजनाने हवा होता, आणि समितीत वजनही व्यापाऱ्यांचंच होतं. तरी एक गोष्ट घडली. सौदा दोघांमधली खासगी गोष्ट उरली नाही. तो कुठे, कुणासमोर, कुठल्या मापावर झाला हे बाहेरच्या कुणालातरी सांगता येऊ लागलं. पुढे शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडाचं उदाहरण समोर होतं. आजच्या बाजार समित्यांचं मूळ या ओळीत आहे.

दोन जहाजं, एक नाव

बाजारात माणसं समोरासमोर असतात. अंतर आलं की घोळ सुरू होतो. १८१८ चा इंग्लंडमधला एक खटला लोकरीचा आहे. विक्रेत्यांनी पत्र पाठवून लोकर देऊ केली, पण पत्त्यात चूक केली. पत्र उशिरा पोचलं. घेणाऱ्याने मिळाल्याबरोबर होकार टपालात टाकला. तोवर वाट बघून विक्रेत्यांनी लोकर दुसऱ्याला विकून टाकली होती. कोर्टाने सांगितलं, होकाराचं पत्र टपालात पडलं तेव्हाच करार झाला. पत्ता चुकवला तुम्ही, नुकसानही तुमचं.

दुसरा खटला १८६४ चा, आणि तो आपल्या कापूसतेजीच्या ऐन मध्यातला. मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाच्या जहाजाने येणाऱ्या १२५ गाठी सुरती कापसाचा सौदा लिव्हरपूलला झाला. (‘सुरती’ हे तिकडे पश्चिम हिंदुस्थानच्या कापसाला सरसकट दिलेलं नाव.) भाव पौंडाला सव्वासतरा पेनी. गंमत अशी की मुंबईहून ‘पीअरलेस’ नावाची दोन जहाजं निघाली होती, एक ऑक्टोबरमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. घेणारा म्हणाला, माझ्या डोक्यात ऑक्टोबरचं होतं. विकणारा म्हणाला, माझ्या डोक्यात डिसेंबरचं. डिसेंबरच्या जहाजाचा माल घ्यायला घेणाऱ्याने नकार दिला आणि कोर्टात तोच जिंकला. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतच नव्हते, तर करार कशाचा? हा त्या निकालाचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो.

आठ वर्षांनी, १८७२ ला, भारतीय करार कायदा आला. तो आजही चालू आहे. त्यात चुकीबद्दल दोन कलमं आहेत आणि ती नीट वेगळी ठेवली पाहिजेत. कलम २० म्हणतं, कराराच्या गाभ्याच्या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही बाजू चुकत असतील तर करार रद्दबातल. कायद्यातलंच उदाहरण आहे की इंग्लंडहून मुंबईला निघालेल्या जहाजातल्या मालाचा सौदा झाला, पण सौद्याआधीच जहाज नष्ट झालेलं होतं आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. कलम २२ म्हणतं, फक्त एक बाजू चुकली म्हणून करार मोडता येत नाही.

ऑनलाइन किमतीची चूक ही बहुतेक वेळा एकाच बाजूची असते. मग आपण जिंकलो की! पण थांबा. कलम २२ लागू व्हायला आधी करार झालेला असावा लागतो. आणि तो झाला की नाही, हे पाहायला पुन्हा खामगावच्या फोनकडे जावं लागतं.

होकार कुठे झाला?

सर्वोच्च न्यायालयात ढेप द्यायला हवी होती की नाही, हा प्रश्न नव्हताच. प्रश्न एवढाच होता की दावा अहमदाबादला चालवायचा की नाही. खामगावचं म्हणणं सरळ होतं. मागणी अहमदाबादहून आली, होकार आम्ही खामगावात दिला, माल खामगावात द्यायचा, पैसे खामगावात. मग खटल्यासाठी आम्ही अहमदाबादला कशाला जायचं? टपालाचा नियम लावला तर खामगावचं बरोबर ठरलं असतं. तिथे होकार पाठवला की मागणी करणाऱ्याला तो बांधतो, त्यामुळे करार होकार सुटला त्या गावचा.

वांछू, शहा आणि हिदायतुल्ला या तीन न्यायमूर्तींपुढे प्रकरण होतं. बहुमताचा निकाल न्या. जे. सी. शहा यांनी लिहिला. त्याचं सार असं की फोन म्हणजे टपाल नव्हे. फोनवर दोन माणसं जणू समोरासमोरच बोलतात, म्हणून मागणी करणाऱ्याच्या कानावर होकार पडतो तेव्हा आणि तिथे करार होतो. होकार अहमदाबादला ऐकू आला, म्हणून करार अहमदाबादचा. खामगाव हरलं.

न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळं मत दिलं. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे ते पूर्वी मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे आपल्या भागाशी संबंध असलेला माणूस. त्यांचं म्हणणं होतं की आपल्या कायद्याच्या कलम ४ ची भाषा फोनलाही पुरते. होकार देणाऱ्याने शब्द सोडले आणि ते परत घेणं त्याच्या हातात उरलं नाही, की करार झाला. म्हणजे खामगावला.

ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ ला, म्हणजे आपल्या करार कायद्यानंतर चार वर्षांनी. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात पत्र आणि तार होती. बहुमताने इंग्लंडच्या १९५५ च्या एका टेलेक्सच्या खटल्याचा आधार घेतला. त्या खटल्यात न्या. डेनिंग यांनी नदीचं उदाहरण दिलं होतं. ते आपल्या मोर्णा नदीवर आणून बघू. एका काठावरून मी ओरडून मागणी केली, दुसऱ्या काठावरून तुम्ही ‘हो’ ओरडलात, पण नेमकं वरून विमान गेलं आणि मला काही ऐकू आलं नाही. करार झाला नाही. तुम्हाला पुन्हा ओरडावं लागेल. फोन मध्येच कटला तरी तेच.

हा वाद कोरडा वाटेल, पण त्यात कुणाचं तरी भाड्याचं आणि वकिलाचं गणित आहे. दुसऱ्या राज्यात जाऊन खटला लढणं ज्याला परवडत नाही, तो खरा असला तरी हरतो.

सहासष्ट डॉलरचा प्रिंटर

आता चुकीच्या किमतीकडे येऊ. इंटरनेटच्या आधीचं प्रसिद्ध उदाहरण १९३८ चं, अर्जेंटिनाच्या सशांच्या कातड्यांचं. बोलणी नगावर चालली होती, बाजारातही भाव नगावरच सांगायची रीत. शेवटच्या कागदात विक्रेत्याने चुकून पौंडावर भाव लिहिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत, म्हणजे किंमत एक तृतीयांश झाली. घेणाऱ्याने लगेच ‘मंजूर’ म्हटलं. इंग्लंडच्या कोर्टाने सांगितलं, ही चूक आहे हे तुम्हाला कळलंच असणार. समोरच्याची उघड चूक झडप घालून पकडता येणार नाही.

सिंगापूरमध्ये २००३ च्या जानेवारीत हेच वेबसाइटवर झालं. डिजिलँड कंपनीत प्रशिक्षणासाठी भरलेला ‘६६’ हा आकडा चुकून खऱ्या साइटवर गेला आणि ३,८५४ सिंगापूर डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला दिसू लागला. मध्यरात्री मित्रांनी मित्रांना कळवलं. चूक लक्षात येईपर्यंत ७८४ जणांनी मिळून ४,०८६ प्रिंटर मागवले होते, आणि प्रत्येकाला यंत्राने आपोआप होकाराचा ईमेल पाठवला होता. त्यातले सहा जण कोर्टात गेले. त्या सहा जणांनीच १,६०६ प्रिंटर मागवले होते! ते २००४ ला हरले आणि अपिलात २००५ लाही हरले. किंमत चुकली आहे हे त्यांना माहीत होतं, असं न्यायालयाला त्यांच्याच आपसातल्या संदेशांवरून दिसलं.

आपल्याकडे निकाल दुसऱ्या बाजूनेही लागलाय. २०१४ मध्ये ओडिशातल्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याला ॲमेझॉनवर लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्याने ऑर्डर दिली, ती कन्फर्म झाली, आणि काही वेळाने रद्द झाली. तो ग्राहक मंचात गेला आणि शेवटी २०२१ मध्ये राज्य ग्राहक आयोगाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. १९० रुपयांचा लॅपटॉप ही चूक आहे हे कुणालाही कळलं असतं. पण आयोगाने होकार दिल्याला आणि नंतर फिरवल्याला महत्त्व दिलं.

‘कन्फर्म्ड’ म्हणजे काय

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा शब्द आतून कसा दिसतो ते सांगतो. ऑर्डर म्हणजे डेटाबेसमधली एक नोंद आणि तिला एक ‘स्थिती’ असते. आली, पैसे मिळाले, पक्की झाली, बांधली, रवाना झाली, पोचली. एका स्थितीतून दुसरीत कधी जायचं हे कोडमध्ये लिहिलेलं असतं. ‘कन्फर्म्ड’ ही अशीच एक स्थिती. बहुतेक वेळा तिचा अर्थ एवढाच असतो की पैसे आले आणि साठ्यात एक नग दिसतोय. किंमत बरोबर आहे का, हे त्या क्षणी कुणी माणूस बघत नाही.

किंमत चुकते कशी? कुणी शून्य कमी टाकतं. दोन कूपनं एकत्र चालायला नको होती, ती चालतात. किमतीची फाइल एका रकान्याने सरकते. विक्रेत्याचं प्रोग्रॅम ‘शेजाऱ्यापेक्षा एक रुपया कमी’ या नियमाने किंमत बदलत असतं आणि शेजाऱ्याचंही तसलंच असतं.

हे सगळं कंपन्यांना माहीत आहे. म्हणून त्यांच्या अटींत एक वाक्य असतं, ते कुणी वाचत नाही. शब्द वेगवेगळे, आशय एकच: तुमची ऑर्डर ही तुमची मागणी आहे, आमचा ईमेल ही फक्त पोच आहे, आणि माल रवाना झाल्याचं कळवू तेव्हाच आम्ही ती स्वीकारली असं समजावं. म्हणजे दुकानाने शेल्फवर किंमत लावली हा देकार नव्हे, तर बोलावणं. मागणी तुमची, होकार त्यांचा, आणि होकाराचा क्षण त्यांनी अटींमध्ये सरकवून गोदामाच्या दारापर्यंत नेला.

कायद्याच्या भाषेत हे चतुर आहे. बाजाराच्या भाषेत मात्र विचित्र आहे. आपल्याकडे इसार घेतला की शब्द बांधला जातो, घराचा सौदा असो की बैलाचा. इथे तुम्ही इसार नाही, अख्खी रक्कम यूपीआयने आधीच देता. स्क्रीनवर हिरवी खूण येते, ‘अभिनंदन’ येतं. तरी समोरचा बांधलेला नाही. तुम्ही मध्येच मागे फिरलात तर तुमचे पैसे अडकलेले, तो मागे फिरला तर चार दिवसांनी रिफंड. मधल्या काळात बाजारभाव वाढला आणि त्याने ‘किमतीची चूक’ म्हटलं, तर ती खरंच चूक होती की नफ्याचा विचार, हे तुम्हाला कसं कळणार? रुमाल हाच होता. तेव्हा शेतकऱ्याला बोटं दिसत नव्हती, आता ग्राहकाला अटी दिसत नाहीत.

अर्थात रुमालाच्या पलीकडे नेहमी मोठी कंपनीच असते असं नाही. १२ डिसेंबर २०१४ च्या संध्याकाळी ‘रिप्राइसर एक्सप्रेस’ या किंमत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि ॲमेझॉनच्या ब्रिटनमधल्या साइटवर कित्येक छोट्या विक्रेत्यांच्या वस्तू एका पेनीला विकल्या जाऊ लागल्या. बहुतेक ऑर्डर ॲमेझॉनने रद्द केल्या, पण गोदामातून आधीच निघालेल्या थांबवता आल्या नाहीत. ज्यांचं सगळं भांडवल त्या मालात होतं त्यांच्यावर दिवाळखोरीची वेळ आली. अकोल्याच्या गल्लीतून साड्या किंवा पापड-सांडगे ऑनलाइन विकणाऱ्या बाईने एक शून्य विसरलं, तर ‘शब्द म्हणजे शब्द’ असं तिला सांगायला माझी तरी जीभ वळणार नाही. तिची चूक आणि अटींच्या आडोशाला बसलेली माघार यांना एकाच मापाने मोजू नये.

तक्रार कुठे करायची

म्हणून मला कोर्टांचा जुना निकष अजून चांगला वाटतो: समोरच्याला चूक दिसत होती का? चाळीस हजारांचा फोन चारशेला असेल तर दिसत होती. बत्तीस हजारांना असेल, तेही सेलच्या दिवशी, तर दिसण्याचं कारण नाही. ऐंशी टक्के सूट अशी पाटी स्वतः लावणाऱ्या दुकानाने मग ‘तुम्हाला कळायला हवं होतं’ म्हणू नये.

काही गोष्टी ग्राहकाच्या बाजूने बदलल्यात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, ग्राहकाने पक्की ऑर्डर रद्द केली म्हणून त्याला दंड लावायचा असेल, तर कंपनीने स्वतःहून रद्द केल्यावर तिनेही तसाच दंड सोसला पाहिजे. माघार दोघांनाही सारखी महाग किंवा दोघांनाही सारखी स्वस्त, एवढं तरी कागदावर आलं.

दुसरा बदल थेट खामगावच्या प्रश्नाला भिडतो. १९८६ च्या ग्राहक कायद्यात तक्रार करायची तर समोरची कंपनी जिथे आहे किंवा वादाचं कारण जिथे घडलं तिथे जावं लागे. म्हणजे होकार कुठे झाला, सर्व्हर कुठे आहे, ऑफिस कुठे आहे, हा सगळा काथ्याकूट. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. बेंगळुरूची कंपनी असो की गुरुग्रामची, अकोल्याच्या ग्राहकाला अकोल्यातच दाद मागता येते.

तेव्हा पुढच्या वेळी ‘कन्फर्म्ड’ आलं की स्क्रीनशॉट घ्या. किंमत, वेळ, ईमेल, पैसे गेल्याची नोंद, सगळं. बाजार समितीत सौद्याचा कागद हातात ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. तक्रार करण्याआधी मात्र एकदा स्वतःला विचारा, ती किंमत बघताना आपण ग्रुपवर काय लिहिलं होतं. सिंगापूरच्या त्या सहा जणांना त्यांच्या मेसेजनीच हरवलं.